शेजाऱ्यांनी आणलेला कडू घास

माझी बायको गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. कडू घास शेजारच्या अडत्यांनी आणला.

कळंबच्या मोंढ्यात त्यांची धान्याची अडत आहे. मानेच्या मणक्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या अन्ननलिकेला छिद्र पडलं. ते बुजेपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पेज जाते ती नाकातल्या नळीतून. तेव्हापासून ते गल्लीतल्या सगळ्यांच्या जेवणावर लक्ष ठेवून असतात.

"सर, आज लसूण लई पडला की," भिंतीपलीकडून त्यांचा घोगरा आवाज येई.

"नाकात नळी असून वास येतो व्हय तुम्हाला?" त्यांची बायको करवादे.

"एक नाकपुडी रिकामी हाय की."

त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी समोर होती, पण मला घास उचलवेना. आणणाऱ्यानेही सोबत जेवायची आमच्याकडे रीत, म्हणून मी नकळत पहिला तुकडा त्यांच्याच तोंडापुढे धरला.

"अहो, न्हाय!" त्यांची बायको किंचाळली.

अडत्यांनी आवंढा आवरला, तुकडा माझ्या हातातून घेतला आणि माझ्याच तोंडात घातला.

"मीठ कसंय?"

"बरोबर आहे."

"मग गिळा सर. मला बघू द्या."

मी गिळला.

ते अजून नळीवरच आहेत. मी दोन्ही वेळा जेवतो.