एका दाराच्या दोन चाव्या

रुपराव सोनकुसरे यांच्या उजव्या हाताला एक खोड होती. बोलता बोलता तो हात कमरेकडे जाई, करगोट्याला बांधलेली चावी कपड्यावरून चाचपून पाही आणि परत येई. ही खोड कधी लागली ते नक्की सांगता येते. १९६४ साली मध्यवर्ती बँकेच्या नागपूर शाखेत स्ट्राँगरूमचा ताबा त्यांच्याकडे आला, तेव्हापासूनची ती.

ताबा अर्धाच होता. दाराला दोन कुलपे, दोन चाव्या आणि दोन माणसे. एकट्याने कितीही फिरवले तरी दार उघडत नसे. त्या दारामागून भागातल्या बँकांना नोटा जात, आणि कोणाही एकावर, तो कितीही सज्जन असो, पुरता विश्वास टाकायचा नाही, हे त्या व्यवस्थेचे मूळ होते. रुपरावांना त्यात अपमान वाटला नाही. आपल्यावर अर्धाच विश्वास आहे म्हणून आपण पुरते निर्धास्त आहोत, असे ते म्हणत. शहराबाहेर मुक्काम करायचा तर चावी रीतसर दुसऱ्याच्या हवाली करावी लागे. तो व्याप नको म्हणून नऊ वर्षांत त्यांनी स्वतःच्या गावी, उमरेडला, एक रात्रही काढली नव्हती.

दुसरी चावी बाबनरावांकडे होती. तेही उमरेडच्याच विणकर घरातले, रुपरावांच्याच समाजाचे. चाव्या नात्यातल्या माणसांकडे असू नयेत, एवढाच तिथला लेखी दंडक. पण ताबा सोपवताना जुन्या खजिनदारांनी वर सांगितले होते, "ओळख दारापुरतीच ठेवा." हे वाक्य कोणत्याही परिपत्रकात नव्हते, दोघांनी मात्र ते परिपत्रकाहून कडक पाळले. एकमेकांच्या घरचा चहा घेतला नाही. समाजाच्या लग्नात एक जण पंगतीला बसला की दुसरा पुढच्या पंगतीची वाट पाही. दोघे न्हावीसुद्धा वेगळा ठेवतात असे कार्यालयात सांगत. ते अतिशयोक्त असावे. पण यांचे जुने वैर आहे, असा लोकांचा समज झाला होता, हे खरे.

१९७३च्या उन्हाळ्यात रुपरावांच्या पत्नी सुभद्राबाई यांचा मामेभाऊ शालिकराम उमरेडहून स्थळ घेऊन आला. त्यांच्या मुलीसाठी, प्रेमिलेसाठी, बाबनरावांचा मुलगा अनंत. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, आणि प्रेमिलेने नकार दिला नाही. तिच्या बाबतीत याचा अर्थ होकारच होता. रुपरावांनी मात्र ताट सरकवले. व्याही झाले की दोघांपैकी एकाला चावी सोडावी लागणार, आणि सोडणाऱ्याची तिथल्या रिवाजाप्रमाणे बदली कानपूरला, हे ठरलेलेच. रुपरावांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

"तुमाले जावई पाहिजे का चाबी, एकडाव सांगून टाका जी," सुभद्राबाई म्हणाल्या.

त्यानंतर रुपरावांचे मन कशात लागेना. संध्याकाळी सायकल काढायची, गोळीबार चौकापर्यंत जायचे आणि काही न घेता परतायचे. बाबनरावांच्या कानावर स्थळ गेले असणारच; त्यांच्या मनात काय आहे? विचारायचे कुठे? एकत्र उभे राहण्याची जागा एकच, आणि तिथे पहाऱ्यावरचा शिपाई हातभर अंतरावर. एका सकाळी त्यांनी धीर करून "बाबनराव" अशी हाक मारली.

"फिरवा," बाबनराव म्हणाले.

रुपरावांनी चावी फिरवली.

अखेर एका शुक्रवारी त्यांनी ताबा सोडण्याचा अर्ज दिला. लग्न ठरलेले नसताना लग्नाचे लिहिणे त्यांना खोटे वाटले, म्हणून कारण लिहिले ते केवळ 'घरगुती'. तासाभराने साहेबांनी बोलावले. टेबलावर दोन अर्ज होते. दुसरा बाबनरावांचा, तारीख तीच, कारणही तेच.

साहेबांनी आवाज चढवला नाही. एका दाराच्या दोन्ही चाव्या एकाच दिवशी सुटू पाहत होत्या. अशा वेळी जे करायचे तेच त्यांनी केले. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवले आणि स्ट्राँगरूमच्या संपूर्ण तपासणीचा हुकूम काढला.

तपासणी लांबली. रोज सकाळी दोघांनी येऊन कुलपे उघडायची आणि दिवसभर परक्या माणसांना आपल्या कामात हात घालताना पाहायचे. आत काही कमी नाही याची रुपरावांना खात्री होती. बाहेर मात्र बातमी फुटली होती. समाजात कुजबुज सुरू झाली आणि शालिकरामाची फेरी थांबली. खरे कारण सांगून मोकळे व्हा, असे सुभद्राबाईंनी दोनदा सांगून पाहिले.

"आता कोण ऐकंन वं?" रुपराव म्हणाले. "नऊ वर्सं बोललो नाही, तेच आता अंगावर येऊन राह्यलं. लोक म्हणतीन, देखावा होता."

शेवटी सगळे जागच्या जागी निघाले. साहेबांनी दोघांना एकत्र बोलावून समोरासमोर बसवले आणि घरगुती कारण विचारले.

रुपराव म्हणाले, "पोरीचं लग्न, साहेब."

"कोणाशी?"

रुपरावांनी बाबनरावांकडे पाहिले. बाबनरावच खाली पाहत म्हणाले, "माह्या पोराशी."

"म्हणजे तुम्ही दोघांनी ठरवलंत."

"नाही, साहेब," बाबनराव म्हणाले. "आमी त्याच्याबद्दल अजून बोललोच नाही."

साहेबांचा विश्वास बसला की नाही, हे रुपरावांना शेवटपर्यंत कळले नाही. एकालाच सोडता येईल, कोण ते बाहेर जाऊन ठरवा, एवढेच त्यांनी सांगितले.

व्हरांड्यात दोघे खांबाला टेकून उभे राहिले. काहून अर्ज दिला, असे रुपरावांनी विचारले. मुलीकडच्यानेच दर वेळी का वाकावे, म्हणून, असे बाबनराव म्हणाले आणि लगेच रस्त्याकडे पाहू लागले. त्यांच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. कानपूर त्यांना झेपणार नव्हते. रुपरावांना हे तेव्हा कळले. नऊ वर्षे रोज भेटणाऱ्या माणसाची आई आजारी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

रुपरावांनी चावी सोडली आणि कानपूर पत्करले. ते निघताना ताबा घेणाऱ्या नव्या माणसाने उपदेश मागितला. जुन्या खजिनदारांचे वाक्य ओठांवर आले होते, ते गिळून रुपराव म्हणाले, "अर्ज द्याच्या आंधी एकमेकाले इचारत जा."

त्याच संध्याकाळी, सुपारी फोडण्यासाठी, ते सुभद्राबाईंसह उमरेडच्या एस.टी.त बसले. पाचगाव मागे पडले तसा त्यांचा हात कमरेकडे गेला. तिथे काही नव्हते. ते ताडकन उठले आणि कंडक्टरला घंटी मारायला सांगू लागले.

सुभद्राबाईंनी त्यांचा सदरा धरून खाली ओढले.

"बसा जी. थे आता दुसऱ्याच्या कमरेले हाय."

रुपराव बसले. उमरेड येईपर्यंत हात कुठे ठेवावा, हे त्यांना सुचत नव्हते.