नळ सोडल्यावरची पाच मिनिटं

मोहावीच्या वाळवंटातल्या त्या रस्त्यावर आता वेल्डा स्ट्राउडचं एकटं घर उरलं होतं. जवळच्या गॅस कंपनीतून जमिनीखालच्या पाण्यात कर्करोग करणारं क्रोमियम उतरलं होतं. ज्या नळात ते मर्यादेबाहेर सापडे, ते घर कंपनी विकत घेई आणि बुलडोझर फिरवी. शेजारी एकेक करून गेले. वेल्डाचा नवरा ऑर्विल पोटाच्या कर्करोगानेच गेला होता, पण घर त्याने स्वतः बांधलेलं. म्हातारी हटून बसली. मुलीच्या फोनलासुद्धा तिने दाद दिली नाही.

महिन्यातून एकदा कंपनीचा माणूस इग्नासिओ पाण्याचा नमुना घ्यायला यायचा. नळ सोडून पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मगच बाटली भरायची, असा त्याचा नेम. तेवढ्यात वेल्डा पीच घातलेला केक पुढे करायची.

"मिस वेल्डा, एवढा पाच मिनिटांत संपतो का?"

"बोलण्यात वेळ घालवतोस म्हणून संपत नाही. खा गप."

तिच्या घरात माणसाचा आवाज होता तो एवढाच.

वेल्डाच्या नळातल्या क्रोमियमचा आकडा मर्यादेला टेकला, आणि नेमकी त्याच महिन्यात इग्नासिओची कंबर धरली. कंपनीतर्फे पिण्याच्या पाण्याचे जार देणारा गाडीवाला नमुन्याची रिकामी बाटली ठेवून गेला. तिनेच भरून द्यायची होती. वेल्डाने ती नळाखाली धरलीच नाही. कंपनीच्याच जारमधून भरली.

पुढच्या महिन्यात इग्नासिओ आला, पण नमुने ठेवायची बर्फाची पेटी न घेता. त्याने जारकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"शून्य आलं. तुमचं घर वाचलं."

"मग तोंड का पाडलंस?"

"चांगल्या पाण्याला जार देत नाहीत. जारची गाडी बंद. तपासणीही बंद, म्हणजे माझं येणंही."

तो दाराशी रेंगाळला. वेल्डाला घर हवं होतं, जिवापाड हवं होतं. पण त्या घरात आता तिच्याशी बोलायला भिंतीच उरणार होत्या.

"ते पाणी जारचं होतं," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत दुसरी बाटली असेल तर आण."

"मिस वेल्डा, घर जाईल."

"कळतं मला. केक कापतेय."

तो बाटली घेऊन आला. तिने स्वतःच नळ सोडला आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.