अर्धी हवा टर्बाइनची
मुलाकडचे मला बघायला जळगावला आमच्या घरी आले, तेव्हा मी बडोद्याच्या एका डिझाइन ऑफिसात नोकरीला होते. मुलगा नरडाण्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर. सोबत त्याचे आईवडील आणि आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. माझ्या वडिलांनी आधीच बजावलं होतं, "नोकरीचं विचारलं तर 'कंपनीत आहे' एवढंच सांग. तास घेऊ नकोस."

आबांनी नेमकं तेच विचारलं. "काय काम करस बेटी?"

"हवेचं," मी म्हणाले.

"हवा इकस का?"

हवा विकायच्या कल्पनेवर सगळे हसले आणि माझा निश्चय तिथेच सुटला. पोह्यांच्या बश्या सारून मी टीपॉयवर कोळशाच्या गॅसवर चालणारं वीजकेंद्र मांडलं. पाण्याचा तांब्या म्हणजे गॅस टर्बाइन. लाडवांचा डबा म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं युनिट. चिवड्याची वाटी म्हणजे कोळशाचा गॅस करणारी भट्टी. "टर्बाइन स्वतःसाठी हवा दाबून घेतं. त्यातलीच काही युनिटला द्यायची. युनिट भट्टीला ऑक्सिजन देतं, भट्टीतला गॅस टर्बाइन जाळतं. उरलेला नायट्रोजनही टर्बाइनलाच परत, म्हणजे ज्वाला फार तापत नाही. ही जोडणी माझं काम."

आबा पुढे सरकले. "मंग एक बंद पडनं म्हंजे बठ्ठंच बंद?"

"हो ना! सुरू करताना तर आणखी पंचाईत. जो तो दुसऱ्याची वाट बघतो. म्हणून हल्ली सहसा पूर्ण जोडत नाहीत. अर्धी हवा टर्बाइनची, अर्धी युनिटच्या स्वतःच्या कॉम्प्रेसरची. वीज थोडी जास्त खर्च होते, पण कुणाचं फार अडत नाही."

"मी वेगळं काय सांगते?" मुलाची आई एकदम म्हणाली. त्यांच्या घरात चार जावा आणि एक स्वयंपाकघर. "एकीला ताप आला की अख्ख्या घराचा चहा खोळंबतो!"

"म्हणजे तुला वेगळं व्हायचंय?" मुलाचे वडील.

"अर्धंच!"

भांडण वाढायला लागलं, तशी माझ्या वडिलांनी घाईघाईने ऑक्सिजनचं युनिट उचलून आबांपुढे धरलं. "लाडू घ्या, आबा."

आठवड्याभराने लग्न जुळवणाऱ्या मामांचा फोन आला. "मुलगी हुशार आहे, पण लग्नाआधीच चूल वेगळी मागते, असं म्हणताहेत." आईने माझ्याशी बोलणं सोडलं. मला मात्र रुखरुख वेगळीच होती. मुलगा सगळा वेळ टीपॉयवरची मांडणी बघत होता आणि निघताना त्याने विचारलं होतं, "युनिटचा कॉम्प्रेसर बंद पडला तर टर्बाइन जास्तीची हवा देऊ शकतं?" असा प्रश्न मला कुणी स्थळ म्हणून आलेल्याने विचारला नव्हता. मामांकडून नंबर घेऊन मी उत्तर द्यायला फोन केला.

"काही प्रमाणात देऊ शकतं," मी म्हणाले. "घरी कसं आहे?"

"आईने वरच्या मजल्यावर शेगडी नेली. फक्त चहासाठी."

"आणि तुमचे वडील?"

"पहिला कप त्यांनीच घेतला."

"आबा?"

"ते दोन्हीकडे घेतात."

आम्ही असोद्याला भरीत खायला भेटलो आणि आमचं आम्हीच ठरवून टाकलं. लग्न धुळ्याला झालं. मांडवात माझे सासरे भेटेल त्या पाहुण्याला सांगत होते, की वरच्या शेगडीची कल्पना मूळची त्यांचीच.