देवी आमच्या कंप्यूटरवर लिहून राहिली

चहाचा कप आधी खाली ठेवा, मगच सांगते. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकीने स्वतःच्या साडीवर सांडून घेतला होता!

तर या श्रावणात मी संकल्प सोडला. सासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या कहाण्या टाइप करायच्या. कोणासाठी? सुनेसाठी, दुसरं कोण! आमची निधी लखनौची. गुणाची पोर, पण फोनवर "जी आई, हां आई" याच्यापुढे मराठीची गाडी सरकत नव्हती. माझ्यामागे या कहाण्या वाचणार कोण, हीच काय ती रुखरुख.

मुलगा अमेय बंगलोरला असतो. इथे जबलपूरला, आमच्या चेरीतालच्या घरी आला होता, तेव्हा आमच्या जुन्या कंप्यूटरवर आणि माझ्या मोबाइलवर काहीतरी बसवून गेला. "आई, तू इथे लिहिलंस की आमच्या लॅपटॉपवर आपोआप उतरेल. हरवायची भीतीच नाही."

मला वाटलं, अच्छा, विरजणासारखं! शेजारी देऊन ठेवायचं, आपलं नासलं तर तिथून आणायचं. आता तुम्हीच सांगा, शेजारणीने तिच्या दह्यात साखर घातली म्हणून आपलं दही गोड होतं का?

पहिल्या शुक्रवारी राणीची कहाणी लिहिली, हात जोडले आणि जेवायला गेले. येऊन बघते तर खाली एक ओळ जास्तीची!

"मग राणी उपाशी काहून राहिली?"

अंगावर सर्रकन काटा! घरात आम्ही दोघंच, आणि त्यातले एक घोरत पडलेले.

"अहो, उठा! देवीने प्रश्न विचारला!"

"देवी 'का' सोडून आपल्यासारखं 'काहून' म्हणते?"

"मग! इतकी वर्षं जबलपूरच्या बायकांच्या पूजा घेऊन राहिली, शिकली असेल!"

मी कंप्यूटरला हळदकुंकू वाहिलं. अक्षता कीबोर्डात गेल्या, तेव्हापासून एक बटण अडकतं, ते असो. मग उत्तर लिहिलं, "हे जगन्माते, राणी उतली, मातली, म्हणून. तुझ्या चरणी साष्टांग दंडवत."

मग काय! रोज नवा प्रश्न, रोज माझा दंडवत. शेजारच्या दुबे भाभींच्या कानावर गेलं, त्या नारळच घेऊन आल्या.

"दीदी, हमारे मुन्नू के ब्याह का भी पूछ लो ना!"

विचारलं. संध्याकाळी उत्तर हजर: "पहिले त्याला नोकरी लागू द्या."

भाभी गहिवरल्या. "मैया सब जानती हैं!"

"एवढं तर मलाही ठाऊक होतं," हे पेपरामागून पुटपुटले.

शेवटच्या शुक्रवारी मात्र मी मनातलं मागितलं. डोळे पुसत लिहिलं, "आई, माझ्या सुनेला आपल्या भाषेची, या कहाण्यांची गोडी लागू दे. बाकी काही नको."

आणि तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, खाली ओळ उमटली.

"लागून राहिली आहे, आई."

आई? देवी मला आई म्हणाली? या वयात मला कुठली लेक, म्हणजे आमच्या घरी नात होऊन येते की काय! मी धावत जाऊन बंगलोरला फोन लावला.

"निधी, बेटा, काही गोड बातमी?"

पलीकडून जपून, एकेक शब्द मांडत, चक्क मराठी आली!

"बातमी नाही, आई. पण एक विचारू? मी रोज तुमची कहाणी वाचून राहिली. समजत नाही, तिथे खाली विचारून राहिली. पण तुम्ही मला रोज साष्टांग दंडवत काहून घालून राहिल्या? आमच्या लखनौमध्ये तर सून सासूच्या पाया पडते!"

यांचं हसू तर आवरेना. रडावं की हसावं ते मला कळेना, आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, आपल्याकडे श्रावणात तशीच पद्धत असते."

"अच्छा!" पोरगी केवढी खूश झाली.

दुसऱ्या दिवशी कंप्यूटर उघडला. कहाणीच्या शेवटी तिने नीट अक्षरांत भर घातली होती: "श्रावणात सासूने सुनेला दंडवत घालावा."

तिन्हीकडे उतरलीय ती ओळ. आणि तिने कहाणीत घातलेली पहिली ओळ मी खोडू कशी? या वयात गुडघे धरून वाकेन, पण घेतला वसा टाकायचा नसतो!