आईचं दूध, भाग दोन

सरांच्या टेबलावर एक फोन पालथा ठेवला होता आणि खोलीतलं कुणीच त्याला हात लावायला तयार नव्हतं. सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमीच पाहा काय आहे त्याच्यात. आन साफ करून टाका. पुढच्या बाईले द्याचा आहे."

मी आमच्या संस्थेत फोन, प्रोजेक्टर, इंटरनेट असलं सगळं सांभाळते. मुख्य ऑफिस अमरावतीला, सर तिथले प्रमुख, ट्रेनिंग सेंटर अकोल्याला आणि खरं काम मेळघाटात. धारणीच्या पलीकडच्या गावांत आम्ही गावातलीच एकेक बाई नेमतो. तिला सखी म्हणतो. ती गरोदर बायकांना, बाळंतिणींना जमवून आरोग्याचे व्हिडिओ दाखवते, घरोघर जाऊन विचारपूस करते. फोन संस्थेचा असतो. टेबलावरचा फोन फुलवंती नावाच्या सखीचा होता.

झालं असं होतं. फुलवंतीनं मीटिंग भरवली, छोटा प्रोजेक्टर लावला आणि स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला, कारण लेकरं रडतात. 'आईचं दूध भाग दोन' या नावाचा व्हिडिओ तिनं सुरू केला. भिंतीवर आली ती ब्लू फिल्म. समोर बायका, त्यांच्या सासवा, दाराशी काही म्हातारे. घाबरून तिला बंद करायचं बटणच सापडेना. शेवटी तिनं वायर ओढली. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका तिला दारात उभं करेनात. नवरा म्हणाला, फोन परत देऊन ये.

सरांचं म्हणणं सरळ होतं. संस्थेच्या फोनमध्ये घाण ठेवली, बाईला काढा.

फुलवंती बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मॅडम, मी काई टाकलं नाई त्याच्यात. ग्रुपवर आलं तेच लावलं."

"लावायच्या आधी पाहिलं नाही का?"

"ऑफिसातून आलेलं काय पाहाचं?"

तिच्या गावात रेंज नाही. तिकडच्या सगळ्या सख्यांची एकच रीत आहे. धारणीच्या बाजाराला यायचं, रेंज मिळाली की ग्रुपवरचे व्हिडिओ उतरवायचे, लगेच मेमरी कार्डावर कॉपी करायचे आणि जीप भरायच्या आत भाजीपाला घ्यायचा. गावात गेलं की कार्ड प्रोजेक्टरमध्ये घालायचं. डॉक्टरची गोळी आपण कुठं फोडून बघतो?

मी फोन उघडून ग्रुप बघितला. फिल्म तिथं नव्हती. पण ती बाजाराला आली त्या दिवसाच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी ओळ होती. पाठवणारा नितीन, आमच्या अकोल्याच्या सेंटरचा ट्रेनर. त्याच्याच खाली, थोड्या वेळानं पाठवलेला, त्याच नावाचा खरा व्हिडिओ होता.

इथं थोडं समजावून सांगते. 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की पाठवलेली फाईल सगळ्यांच्या फोनमधून जाते. पण दुसरीकडे कॉपी करून ठेवलेलं जात नाही. नितीननं डिलीट केलं तेव्हा फुलवंतीची कॉपी कार्डावर जाऊन बसली होती आणि ती स्वतः भाजी घेत होती. खरा व्हिडिओ आला तोवर तिची जीप रेंजबाहेर गेली होती, त्यामुळे तिला काहीच कळलं नाही.

मी नितीनला फोन लावला. तो हसला. "अरे मॅडम, गंमत होती ते. माह्या दोस्ताले पाठवाचं होतं, थो बी ट्रेनर आहे ना. नाव मुद्दाम आपल्या व्हिडिओचं देल्लं. घरी बायकोसमोर उघडन आन फसन, म्हनलं. चुकून ग्रुपवर गेलं. पन चहा संपाच्या आत डिलीट केलं ना मी! कोनी पाह्यलं बी नसन."

"एका बाईनं पाहिलं," मी म्हटलं. "सोबत अख्खं गाव होतं."

त्यानंतर तो हसला नाही.

मग मी बाकीच्या सख्यांना विचारायला घेतलं. दोघीतिघींनी ते उघडलं होतं आणि घाईघाईनं पुसून टाकलं होतं. सांगितलं का नाही म्हणून विचारलं तर एक म्हणाली, "कसं सांगाव मॅडम? ऑफिसवाल्याईले वाटलं असतं, हीच असलं पाहत बसते." मला इतका संताप आला की हातातला पेन मी टेबलावर आपटला. पाठवणारा हसून मोकळा होतो आणि उघडणारी बाई तोंड लपवत फिरते. असल्या गमतीत नेहमी हेच होतं.

सरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत जरा मागे रेलले. "आता वाढवू नका. बाईले ठेवू आपन. पाहिजे तं दुसऱ्या गावात टाकू. नितीन हसरा पोरगा आहे, मनात काई नव्हतं त्याच्या."

"सर, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. गाव तिनं का सोडायचं? आणि असलं काही पाठवणं कायद्यानं गुन्हा आहे. ती पोलिसात गेली तर मी तिच्या बाजूनं सांगणार."

सर पाणी प्यायले. "मंग तिलेच इचारा, काय पाहिजे थे."

फुलवंतीला पोलीस नको होते. "पोलीस गावात आले तं लोक म्हनतीन, हिच्यामुळं आले. मी कितीबी सांगतलं तं खरं कोनी मानत नाई. ज्यानं टाकलं त्यानंच येऊन सांगाव. सगळ्याईसमोर."

नितीन आधी नाही म्हणाला. मग व्हिडिओ करून पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, तुझे व्हिडिओ आता पुरेत. शेवटी आला. धारणीहून पुढं जीपमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

शाळेच्या ओट्यासमोर बरीच माणसं जमली. नितीननं घसा साफ केला. "त्या दिवशी थोडा टेक्निकल प्रॉब्लेम झाला होता..."

मी जोरात खोकले. तो थांबला.

"थो व्हिडिओ मी पाठवला," तो म्हणाला. "ताईची काई चूक नाई. मले दोस्ताची गंमत कराची होती."

पुढं फुलवंतीचा सासरा बसला होता. त्यानं विचारलं, "गंमत म्हन्जे?"

"म्हन्जे... हसाले."

"मंग हास ना," म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता, एखाद्या पाहुण्याला बस म्हणावं तसा म्हणाला. "आमाले बी समजू दे, कुठं हसाचं होतं."

नितीनचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची दया आली, पण मी मध्ये पडले नाही. कुणीच पडलं नाही.

नितीनकडून ट्रेनिंग काढून घेतलं, तो आता अकोल्याला स्टोअर बघतो. फुलवंतीला तिचा फोन परत मिळाला. व्हिडिओ पाठवणाऱ्यानं आणि दाखवणाऱ्यानं आधी पूर्ण बघायचा, असा नियम आम्ही केला. ट्रेनिंगमध्ये मी आणखी एक गोष्ट सांगते. समोर उभं राहून जे दाखवता येत नाही, ते फोनवरून पाठवू नका. ट्रेनर पोरं माना डोलावतात.

फुलवंतीच्या मीटिंगला बायका पुन्हा यायला लागल्या. सगळ्या नाही. काही सासवा अजून सुनांना पाठवत नाहीत. परवा तिनं धारणीच्या बाजारातून फोन केला. अशाच एका घरी बाळंतपण झालं, आणि सासूनं सुनेचा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पिळून फेकून दिला. तो फेकू नये, बाळाला पाजावा, एवढंच त्या दिवशी भिंतीवर दाखवायचं होतं.