पुरीवर उठलेला मोर

वरोरला आमच्या घरी दोन पिढ्या डायचं काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने उलटी नक्षी कोरायची. त्यात सोन्याचा पत्रा दाबला की लोलक, झुमका तयार. दोन हजार सोळाच्या सुमारास सोनारांची कामं मशीनवर जायला लागली आणि दादा नि मी दुपारचे रिकामे बसू लागलो.

वहिनीचं डहाणूत पार्लर होतं. तिची निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलवरून यायची. तिनेच विषय काढला, "आपलं काम नेटवर टाकू या."

दादा उखडला. "डाय कधी चव्हाट्यावर मांडतात का? उद्या कोणीही नक्षी उचलेल."

तरी एका रविवारी वहिनीने तीन साइटवर आमची खाती उघडली. तिन्ही साइटना आम्ही घरगुती टोपणनावं पाडली होती. एक टायवाली, कारण तिथे सगळे टाय लावून बसलेले. एक फोटोवाली. आणि तिसरी गाववाली, जिथे अख्खं गाव एकमेकांच्या वाढदिवसाला केकची चित्रं पाठवत असे.

सगळी आशा टायवालीवर. मोठे ज्वेलर तिथेच भेटणार, असं मला वाटत होतं. हुद्दा लिहिल्याशिवाय खातं पुढे सरकेना, म्हणून दादा डायरेक्टर झाला आणि मी मॅनेजर. ज्वेलर काही आले नाहीत. विमा एजंट आले. नागपूरच्या एका इंजिनिअरने तर आमच्याकडेच नोकरीसाठी अर्ज केला. दादा अस्वस्थ झाला.

"त्याला लिही, बाबा रे, आमची कंपनी म्हणजे ओटीवरची दोन स्टुलं आहेत."

मी लिहिलं. त्यावर त्या मुलाने हसून आभार मानले.

फोटोवालीवर वेगळीच पंचाईत. उलटी कोरलेली करडी नक्षी फोटोत कोणाला कळेचना. "पेपरवेट का?" असं एकाने विचारलं, तेव्हा वहिनीच वैतागली. ती पुऱ्या लाटत होती. तिने मोराची एक जुनी डाय धुतली, तेल लावलं आणि पुरीवर दाबली. मोर पिसाऱ्यासकट उठून आला. तळायच्या आधी तिने फोटो काढला आणि गंमत म्हणून गाववालीवर टाकला.

संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरच्या सगळ्यांनी तो पुढे पाठवला होता. दोन दिवसांनी गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचं मिठाईचं दुकान होतं. "भाऊ, हा मोर पेढ्यावर उठेल काय?"

बाई नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून स्वतःच आल्या, सोबत माव्याचा डबा. बोलणं निम्मं मराठी, निम्मं गुजराती. दादाने डाय दाबली, उचलली. मोराची मान डायमध्येच राहिली.

"अरे, ही तर कोंबडी झाली!" बाई म्हणाल्या आणि दादासकट आम्ही सगळे हसलो.

पत्र्यासाठी कडा उभ्या लागतात. मावा मात्र तिथे चिकटतो. दादाने पितळेचा नवा ठोकळा घेतला, नक्षीची खोली कमी केली, कडा उतरत्या ठेवल्या. किती तरी दिवसांनी तो जेवायची हाक ऐकूनही उठला नाही. पुढच्या खेपेला बाईंनी पेढा दाबून हातावर घेतला, उजेडाकडे नेला. मोर अख्खा होता.

"बेन, आता?" दादाने विचारलं.

"आता कमळ पण करा. आणि लग्नवाल्यांसाठी गणपती."

त्यांनी आपल्या दुकानातल्या पेढ्यांचे फोटो टाकले आणि उंबरगाव, वापीकडच्या मिठाईवाल्यांचे फोन सुरू झाले. टायवालीचं खातं मी बंद केलं. फोटोवालीवर आता पेढे झळकू लागले, आणि ते सगळ्यांना कळत होते. सोनारांची थोडी कामं राहिली, त्यांचे फोटो मात्र आम्ही कधीच टाकले नाहीत. ती अट दादाची होती आणि मला पटलेली होती.

वर्षभरात दादाने स्वतःचा फोन घेतला. टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून तो मोडक्या गुजरातीत बोलून निरोप पाठवायचा. पलीकडचे लोक त्याचं गुजराती ऐकून इतके खूश व्हायचे, की उत्तरात आधी हसणंच ऐकू यायचं आणि मग ऑर्डर.