हिरव्या पेल्यातला अर्धा तास

नागपूर स्टेशनवर तुम्ही पाचही मैत्रिणी आल्या होतात. गाडी हलायला लागली तरी सुषमा दारापाशी धावत होती आणि चिवड्याचा डबा माझ्या हातात कोंबत ओरडत होती, "करमलं नाही तर सरळ परत ये गं!" मी रडले नाही. सहा महिन्यांचा प्रयोग आहे, असं मनाशी ठरवून निघाले होते. आणि जन्मभर मुलींना विज्ञान शिकवलेली बाई प्रयोगाला कशाला रडेल? रडू आलं ते यशवंतपूरला उतरल्यावर. निखिल न्यायला आला होता आणि रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करत होता. माझ्या पोटचा पोरगा काय बोलतोय, ते मला कळेना!

तर बायांनो, आणि आपल्यातल्या ज्या माझ्यासारख्याच पोरांमागे पुण्या-हैदराबादला गेल्या त्यांनाही, मला एका पेयाबद्दल सांगायचं आहे. हसू नका.

निखिलचा फ्लॅट जे. पी. नगरात, तिसऱ्या मजल्यावर. मानसी, माझी सून, मूळची पुण्याची, आयटीत आहे. बोलायला गोड. मी आल्या दिवशीच ठरवलं, तिच्या स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही. आमचे बाबा सांगायचे, "दुसऱ्याच्या घरी विचारल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही." म्हणून चहा टाकू का, पंखा लावू का, हा डबा उघडू का, सगळं विचारून. "अहो आई, करा ना," मानसी दर वेळी म्हणायची. नागपूरच्या घरात मी भांडी आदळत वावरायचे ते तुम्हाला ठाऊकच आहे. इथे मी इतकी शहाणी झाले होते की माझं मलाच कौतुक वाटायचं.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी फिरून येत होते. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक कॅफे आहे, त्याच्या काचेतून मानसी दिसली. एकटी. पर्स मांडीवर, समोर उंच पेल्यात काहीतरी हिरवंगार, वर बर्फाचा फेस. फोनसुद्धा पाहत नव्हती, नुसती स्ट्रॉ फिरवत बसली होती. आणि दहाच मिनिटांपूर्वी मला तिचा मेसेज आला होता, "आई, ट्रॅफिक आहे, अर्धा तास लागेल."

कॅफेपासून घर शंभर पावलांवर! दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळी गेले, तर पुन्हा तीच खुर्ची, तोच हिरवा पेला. निखिलला विचारावं असं वाटलं, पण त्याला कशाला कात्रीत पकडायचं? रात्री पडल्या पडल्या दोन प्रश्न छळत होते. ही माझ्यामुळे घरी यायचं टाळते का? तसं असेल तर मुक्काम हलवलेला बरा. आणि दुसरा, खरं सांगते, ते हिरवं आहे तरी काय? दुसरा सोपा होता, म्हणून तिथून सुरुवात केली.

सकाळी कॅफे रिकामा असताना गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, माचा है." जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, दूध, साखर, बर्फ, आणि सगळं ब्लेंडरमध्ये फिरवायचं. एवढंच? एवढंच. मग कोपऱ्यावरच्या दुकानात ती पूड मागितली. दुकानदार "स्वल्प इरि, अक्का" म्हणाला, म्हणजे थोडं थांबा, आणि आतून एक इवलासा डबा घेऊन आला. किंमत ऐकून मी तो परत ठेवला, दारापर्यंत गेले, आणि फिरून येऊन घेतला. बाप्पा, उत्सुकता काय चीज असते!

पहिल्यांदा केला तो आपल्या पद्धतीने. गॅसवर गंज चढवला, त्यात पाणी, साखर, पूड, खळखळून उकळी. सवयीने हात गेला आणि आलंही किसून टाकलं. तळ्याच्या तळाशी असतो तसला रंग आला आणि कडू जहर. ओतून दिला. दुसऱ्यांदा पाणी नुसतं कोमट घेतलं, तर गुठळ्या. तिसऱ्यांदा पूड चहाच्या गाळणीतून चाळली, कोमट पाण्यात घोटली, दूध-साखर-बर्फ घालून मिक्सर लावला. बर्फाने असा काही धडधडाट केला की मी दोन्ही हातांनी झाकण दाबून डोळे मिटून घेतले. रंग अगदी कॅफेतला! मोठ्या आशेने घोट घेतला, तर लसूण. त्याच भांड्यात आदल्या दिवशी चटणी वाटली होती. मी एकटीच ओट्याला टेकून पोट धरून हसले. मग लिंबाची साल आणि मूठभर तांदूळ फिरवून भांडं स्वच्छ केलं, आणि चौथा जमला. आधी ओल्या गवताचा वास, मग दुधाचा गोडवा, मागून जरासा कडसरपणा. आवडलं की नाही ते ठरेना, पण पुढचा घोट घ्यावासा वाटत होता.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी "ट्रॅफिक आहे" आलं. मी लिहिलं, "ये. हिरवं घरीच केलंय."

चार मिनिटांत मानसी दारात. चेहरा लाल. मी पेला पुढे केला, तिने उभ्यानेच अर्धा संपवला. मग मीच विचारलं, "माझ्यामुळे बसतेस ना तिथे? खरं सांग. मी परत जाईन, राग नाही मानणार."

तिचे डोळे भरले. "हो आई, तुमच्यामुळेच. मी दार उघडलं की तुम्ही उठून उभ्या राहता. टीव्ही बंद करता. स्वतःला पाणी हवं असलं तरी 'घेऊ का' विचारता. दिवसभर ऑफिसात सगळ्यांशी नीट वागून येते मी, आणि घरी पाहुण्या बसलेल्या! त्यांच्यासमोर पाय पसरून कशी बसू? मला सासू चालली असती, आई. पाहुणी नाही झेपत."

आधी मला राग आला. पाच महिने तोंडाला कुलूप लावून बसले ते काय यासाठी? मग लाज वाटली, आणि मग रडू आलं, आणि आम्ही दोघीही रडलो. तेवढ्यात तिचं लक्ष ओट्यावर गेलं. चार कपाटं उघडी, बर्फाचं पाणी, हिरवे डाग, तांदूळ. "हे सगळं तुम्ही केलंत? न विचारता?" मी सॉरी म्हणणार होते, पण ती इतकी खूश दिसत होती की नुसतं "हो" म्हणाले.

सुषमा, दिवाळीत येईन, पण भेटायला. काल संध्याकाळी मानसी आली तेव्हा मी सोफ्यावर आडवी होते आणि मालिका ऐन रंगात होती. गुडघे आपोआप उठायला निघाले, ते दाबून धरले. पडल्या पडल्याच ओरडले, "आलीस? मिक्सर धुवायचा राहिलाय, धू जरा." तिने माझे पाय बाजूला ढकलले, धपकन शेजारी बसली आणि म्हणाली, "पसारा तुम्ही केलाय, तुम्हीच धुवा."

परवा तुम्ही फोनवर विचारत होतात ना, तिथे घरासारखं वाटतं का म्हणून? काल माझी सून मला उलट बोलली, बायांनो. वाटतं.